गळतीला आलेला दात

गळती दोन प्रकारची. एक तेलाची, एक पाण्याची. तेलाची गळती सरळ माणसासारखी असते. जिथून गळते तिथंच डाग पाडून मोकळी होते. पाण्याची मात्र लबाड. शिरणार एकीकडून, फिरणार दुसरीकडून आणि टपकणार तिसऱ्याच्याच डोक्यावर. माझा उभा जन्म गाड्यांखाली उताणं पडून तेलाच्या गळत्या बघण्यात गेला, म्हणून पाण्यालाही मी सज्जन समजलो. तिथंच फसलो.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. बाथरूमच्या बरोब्बर खाली पार्किंग, आणि त्या पार्किंगमध्ये बँकवाल्यांची गडद निळी गाडी. बँकवाले म्हणजे बँकेतून रिटायर झालेले आमचे समोरचे शेजारी. ते गाडी चालवत नाहीत, पुसतात. एखादी चक्कर मारा म्हटलं तर म्हणतात, "बाहेर धूळ फार असते हो."

एका सकाळी ते दारात उभे. हातात पुसायचं फडकं, चेहरा घरात कोणी आजारी असल्यासारखा.

"जरा खाली येता का?"

"काय झालं?"

"या तर."

माणूस "या तर" म्हणाला की समजावं, आपलंच काहीतरी चुकलंय. खाली गेलो. बॉनेटवर पांढरा डाग, नाण्याएवढा. बँकवाल्यांनी बोट वर केलं. स्लॅबला केसासारखी भेग होती आणि त्या भेगेतून एक पांढरी नळी खाली लोंबत होती. बोटाच्या पेराएवढी, खडूसारखी. बाळाच्या हिरडीतून पहिला दात डोकावतो ना, तशी. तिच्या टोकाला थेंब. थेंब फुगत होता, थरथरत होता, पण पडायचं नाव घेत नव्हता. आम्ही दोघं माना वर करून उभे. बँकवाले रागावायचं विसरले, मी माफी मागायचं विसरलो. मग तो पडला. टप्प. बरोब्बर डागावर.

"बघितलंत?" बँकवाले म्हणाले.

बघितलं होतं. खरं सांगायचं तर पुढचा थेंब कधी धरतोय तेही मी बघत होतो.

वर आलो. आमची ही म्हणाली, "मी कधीची सांगतेय त्या कोपऱ्यात पाणी मुरतंय. प्लंबरला बोलवा."

आता सांगा, ज्यानं आयुष्यभर इंजिनांची गळती थोपवली त्याच्या घरी प्लंबर येणार? इज्जत काय राहिली? त्यात माझी इज्जत आधीच उताराला लागलेली. गुडघे गेले तसं गॅरेज बंद केलं, आणि तेव्हापासून मी घरात जादा उरलेल्या स्पेअर पार्टसारखा झालो होतो. फेकवत नाही आणि बसवावा तर जागा नाही. ही झाडू मारायला आली की मी पाय वर करायचो. दिवसभरातलं माझं काम तेवढंच.

"मी करतो," म्हटलं, "तू बघ."

पलंगाखालून माझी चाकांची फळी काढली. गाडीखाली सरकायला मेकॅनिक वापरतात ती. बँकवाल्यांना गाडी पुढं घ्यायला लावली. गाडीचं तोंड उन्हात गेलं, तसं ते म्हणाले, "म्हणजे माझी गाडी उन्हात आणि तुम्ही सावलीत." मी फळीवर पाठ टेकली. काय सांगू तुम्हाला, पाठीला ओळख पटली. वर बघायला काहीतरी होतं. गॅरेज सुटल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर नुसता पंखा फिरत होता.

घरात इंजिनाला लावायचा गॅस्केटचा लेप होता. उकळतं तेल थोपवतो, तिथं अंघोळीचं पाणी काय चीज. स्टुलावर चढून भेगेत दाबून भरला, फक्त त्या नळीला हात लावला नाही. का नाही लावला, तेव्हा कळलं नाही. थेंब थांबला. संध्याकाळी हिच्यासमोर जरा छाती काढूनच चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. पँट मागून ओली. पाण्यानं रस्ता बदलला होता आणि ते थेट त्यांच्या स्कूटरच्या सीटवर उतरत होतं. सेक्रेटरी भला माणूस, पण त्यांना कुठलीही गोष्ट नियमाशिवाय गिळवत नाही.

"पाणी तुमचं," ते म्हणाले, "स्लॅब सोसायटीचा, आणि भेग बँकवाल्यांच्या पार्किंगवर. तिघांची मीटिंग घ्यावी लागेल."

"तिघंही इथंच उभे आहोत की."

"उभ्या उभ्या मीटिंग होत नसते."

मग खुर्च्या खाली नेल्या. बसल्या बसल्या ठरलं की आधी पाणीखात्याच्या माणसाला दाखवायचं. तो आला, त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, "हे पिण्याचं पाणी आहे की सांडपाणी? पिण्याचं असेल तर आमच्याकडं. सांडपाणी असेल तर शेजारची खिडकी."

"ते कसं ओळखायचं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सेक्रेटरींकडं पाहिलं. सेक्रेटरींनी बँकवाल्यांकडं पाहिलं. बँकवाल्यांनी फडकं काढलं आणि गाडी पुसायला घेतली. चव घ्यायला कोणी पुढं येईना, तसा तो माणूस "ठरलं की कळवा" म्हणून निघून गेला. मी परत स्टुलावर चढून लेप खरवडून काढला. पाणी परत आपल्या जुन्या वाटेनं नळीत आलं. सेक्रेटरींची सीट वाळली, बँकवाल्यांचं कपाळ आखडलं.

या सगळ्या गोंधळात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या. त्या थांबल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे इथं?"

"कोण?" मी स्टुलावरून विचारलं.

"नखानं ओरखडा काढा बघू त्याला. हळू."

काढला. काही झालं नाही.

"आता चाकूच्या टोकानं. अगदी जरासा."

बारीक रेघ उठली.

"नखाला दाद देत नाही, चाकूला देतो. आता लिंबू." त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं, अर्धं कापायला लावलं आणि बॉनेटवरच्या डागावर पिळलं. बँकवाल्यांनी डोळे मिटले. डाग बारीक फसफसला. "बघा. हा चुनखडीचा दगड आहे. गुहांमध्ये छतापासून लोंबतात, त्या जातीचा."

"माझ्या बॉनेटवर गुहा?" बँकवाले म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली. त्या शिकवायच्या बंद झाल्या होत्या, संपल्या नव्हत्या. म्हणाल्या, "स्लॅबच्या सिमेंटमध्ये चुना असतो. पाणी भेगेतून उतरताना त्यातला थोडा बरोबर घेऊन येतं. थेंब खाली लटकला की त्याला हवा लागते. हवेतला वायू त्या चुन्याला भेटतो आणि चुन्याचा परत दगड होतो. थेंबाच्या कडेकडेनं, गोल. थेंब पडतो, कडी मागं राहते. कडीखाली कडी, कडीखाली कडी. म्हणून आतून पोकळ."

"आणि सिमेंटमध्ये चुना कुठून आला?"

"चुनखडीचा दगड भट्टीत भाजतात."

"तो दगड कुठला?"

"बराचसा समुद्राच्या तळाचा. शिंपले साचतात, त्यांच्यावर आणखी शिंपले, त्यावर गाळ, गाळाचं ओझं. दाबून दाबून दगड होतो. मग समुद्र हटतो, जमीन वर येते, आणि कोणीतरी सुरुंग लावतो."

"म्हणजे आमचं बाथरूम..."

"शिंपल्यांचं आहे," बाई म्हणाल्या आणि भाजी घेऊन वर गेल्या. जिन्यावरून परत वळल्या. "गुहेतला फार सावकाश वाढतो हं. माणसाचा जन्म जातो आणि तो तसाच. सिमेंटचा मात्र घाईचा असतो. आपल्या डोळ्यांदेखत वाढेल."

माझ्या वयाच्या माणसाला डोळ्यांदेखत होणारी गोष्ट फार आवडते. एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आणि त्यानं पुढचा सगळा घोटाळा केला.

डाग गेला ते बरं झालं असं तुम्हाला वाटेल. नाही. तेवढा तुकडा इतका चकचकीत निघाला की उरलेलं बॉनेट कळकट दिसायला लागलं. बँकवाल्यांनी सगळं बॉनेट माझ्याकडून पॉलिश करून घेतलं. मग दरवाजे म्हणाले आमचं काय.

पण दुपार माझी होती. दुपारी सगळी बिल्डिंग झोपलेली असायची. मी फळीवर पडायचो. पार्किंगच्या फरशीचा गारवा फळीतून पाठीत चढायचा. वर पांढरी नळी, टोकाला थेंब, आणि थेंबात सगळं पार्किंग उलटं. उलट्या स्कूटरी, उलटं फाटक, फाटकापलीकडचं उलटं ऊन. थेंब फुगायचा तसं ते सगळं जग मोठं व्हायचं, आणि टप्प. मग परत पहिल्यापासून. मी डोळे अर्धवट मिटायचो आणि स्लॅब पाण्याचा व्हायचा. हिरवट, जाड पाणी. वरून शिंपले उतरतायत, सावकाश, कसलीही घाई नाही, कोणाला मीटिंगला जायचं नाही. एकावर एक बसतायत. सगळ्यांचं ओझं सगळ्यांवर. मला वाटायचं, मीही असाच बसत चाललोय तळाला, आणि त्यात वाईट काही नाही. कधीतरी कोणीतरी भाजेल, दळेल, कशाच्या तरी उपयोगाला येईन. वरून बादलीचा आवाज यायचा. ही कपडे धुवायची. म्हणजे समुद्राच्या तळावर उभं राहून कपडे धुवायची, आणि तिला त्याचा पत्ता नाही. हे तिला सांगायला एकदा वर गेलोसुद्धा. ती म्हणाली, "समुद्र राहू दे, पिळायला हात लावा."

शेवटी बँकवाल्यांना किती दिवस गाडीचं तोंड भाजायला लावणार? हिनंच प्लंबर बोलावला. त्यानं कोपऱ्यातला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालची वाटी, बदलला, चारी बाजूंनी सिमेंट भरलं आणि म्हणाला, "काका, आता थेंब दिसला तर मिशी उतरवीन." मी खाली जाऊन बघितलं. नळीच्या टोकाला थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. दात कोरडा, भेगही कोरडी. बँकवाल्यांनी गाडी मागं घेतली आणि मला हात मिळवला. सेक्रेटरी म्हणाले, "चला, विषय संपला."

विषय संपला. म्हणजे परत पंखा.

पुढं मी जे केलं ते काही शहाण्या माणसानं करावं असं नव्हतं. ही सकाळी फिरायला जाते. ती फाटकाबाहेर पडली की मी बाथरूमच्या त्या कोपऱ्यात, जिथं दोन लाद्यांमधला सांधा उकललेला होता, तिथं तांब्या तांब्यानं पाणी सोडायला लागलो. कुंडीला घालावं तसं. हळूहळू, मुरेल असं. आणि ते मुरलं. दुपारपर्यंत टोकाला थेंब धरला. बँकवाल्यांची गाडी परत उन्हात, मी फळी घेऊन हजर.

प्लंबर परत आला. त्यानं ट्रॅप उघडला, बंद केला, पाणी सोडून बघितलं. त्याचं काम चोख होतं. तो एकदा बाथरूमकडं बघायचा आणि एकदा स्वतःच्या हातांकडं. "काका, असं होत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "पाणी लबाड असतं." त्यानं मिशीवरून हात फिरवला. तेव्हा मात्र मला माझी लाज वाटली. कारागिराच्या हातावरचा त्याचा विश्वास उडवणं हे पाप आहे, आणि ते मला कळायला हवं होतं. तरी दुसऱ्या सकाळी तांब्या उचललाच.

मग सोसायटीनं स्ट्रक्चरवाले इंजिनिअर आणले. तरुण माणूस, लहानसा हातोडा घेऊन आलेला. शिडी सरकवत खालून स्लॅबवर ठोकत गेला. ठण, ठण, ठण. आमच्या बाथरूमखाली आला आणि आवाज बदलला. बद्द. आजाऱ्याच्या छातीवर डॉक्टरनं बोट वाजवावं तसा. त्यानं दाताजवळ बोट नेलं. तिथं पांढऱ्यात तांबूस रेघ आलेली होती. मला ती सुंदर वाटली होती.

"हे बघा, सळई गंजायला लागलीय."

"आणि हा दगड?" मी विचारलं. "हा तर छान वाढतोय."

"काका, हा कुठून वाढतोय? वरून. इथं जेवढा जमला तेवढा तिथनं गेला. तुमची जमीनच धुऊन धुऊन खाली आलीय ही. उद्याच कोसळेल असं नाही म्हणत मी. पण पाणी असंच मिळत राहिलं तर हा कोपरा एक दिवस जाणार. वर कोण राहतं?"

तेवढ्यात वर बादली सरकली. तिची पावलं ऐकू आली, त्या कोपऱ्याकडं येणारी. दाताच्या टोकाचा थेंब हलला.

"मी राहतो," म्हटलं, "आणि माझी बायको. ती या क्षणी तिथंच उभी आहे."

गुडघे दुखत होते तरी जिना कसा चढलो माहीत नाही. बाथरूमच्या दारात उभा राहून म्हटलं, "बाहेर ये. आधी बाहेर ये, मग सांगतो."

ती ओल्या हातानं बाहेर आली. मी सगळं सांगितलं. तांब्यासकट. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"रोज फिरून येते तर बाथरूम ओली आणि तुम्ही कोरडे. मग अंघोळ कोण करून जातं, भूत?"

"मग बोलली का नाहीस?"

"दुपारी तुम्ही वर यायचात ते काहीतरी सांगत यायचात. थेंबात काय दिसलं, शिंपले काय झाले. गॅरेज बंद झाल्यापासून तुम्ही घरात 'हं' शिवाय बोलत नव्हतात." मग पदर खोचत म्हणाली, "पण जमीन जाणार हे मला माहीत नव्हतं. तसं असेल तर फोडा."

फोडायचं म्हणजे परवानगी आली. सेक्रेटरी म्हणाले, स्लॅब सोसायटीचा, लादी तुमची, मध्ये जे आहे ते कोणाचं हे आधी ठरायला हवं. हिनं त्यांना घरात बोलावलं आणि म्हणाली, "या कोपऱ्यात उभे राहा आणि ठरवा." सेक्रेटरी दारातूनच परवानगी देऊन गेले.

प्लंबरला मी खरं सांगितलं. त्यानं परत मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "काका, माझी बायको मला विचारत होती मिशी कधी उतरवताय," आणि हसत सुटला. हसला म्हणून मी वाचलो.

फोडायच्या दिवशी मी खाली होतो. वरून छिन्नीचे घाव. दात झेलायला बँकवाल्यांची गाडी परत त्याच्याखाली घेऊन वर उशी ठेवली होती, आमच्या हिची, आणि तिनं ती स्वतः काढून दिली होती. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. बँकवाले फडकं हातात धरून. घाव बसायचा तसा दात थरथरायचा. मी फळी गाडीच्या तोंडाजवळ लावून पडलो होतो, शेवटपर्यंत बघायचं म्हणून. तो तुटला आणि अर्थातच उशीवर पडला नाही. बॉनेटची कड चुकवून माझ्या छातीवर आला. काहीच वजन नाही हो. पिसासारखा. एवढा सगळा समुद्र, भट्टी, आमचं घर, आणि वजन काही नाही. हात लावला तसे त्याचे तुकडे झाले. एक तुकडा डोळ्याला लावला. आरपार भोक. त्यातून बाईंचा चष्मा दिसला. त्या तो पुसत होत्या.

बाथरूम झाली. पाणी भरून ठेवून बघितलं, खाली एक थेंब नाही. नवीन लादी कोरडी, खणखणीत. ही तिच्यावर उभी राहून कपडे धुते तेव्हा मी झोपेतसुद्धा कान देतो. बद्द नाही, ठण वाजतं. चांगलं झालं. मी परत पंख्याखाली आलो आणि ती झाडू घेऊन आली की पाय वर करायला लागलो.

मग एका दुपारी बँकवाले आले. खोकले. जमिनीकडं बघत म्हणाले, "गाडीला खालून आवाज येतोय."

"चालवताना?"

"नाही. उभी असताना."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"कसला आवाज?"

"बारीक आहे. नक्की सांगता येत नाही. तुम्हीच बघा."

उभ्या गाडीला आवाज येत नसतो. एवढं तर कळतंय मला. फळी घेतली, खाली गेलो, गाडीखाली सरकलो. खाली काळोख, ग्रीसचा वास, गार फरशी. सगळं जागच्या जागी. एक नट अर्धा फेरा ढिला होता, तो आवळला. मग नुसता पडून राहिलो. गाडीखालून माणसांचे फक्त पाय दिसतात. बँकवाल्यांचे पॉलिश केलेले बूट उभे होते. थोड्या वेळानं त्यांच्याशेजारी चपला येऊन थांबल्या. निळ्या पट्ट्याच्या, उजवीचा अंगठा झिजलेला. आमच्या घरच्या.

"सापडला का आवाज?" चपलांनी हळूच विचारलं.

"अजून नाही म्हणतायत," बुटांनी सांगितलं.

मी तोंडावर हात ठेवला. मग घसा खाकरून, गॅरेजात गिऱ्हाइकाला सांगायचो तसं आतून सांगितलं, "कठीण आहे. फार बारीक आवाज आहे हा. बरेच दिवस लागतील."

"लागू द्या," बूट म्हणाले.

 चपला तिथनं लगेच हलल्या नाहीत.